नाव जुळत नाही

ती ओळ धाकटीच्या नजरेला पडली तेव्हा चहाचा पहिला घोट अजून घ्यायचा होता. मग तो घेतलाच गेला नाही.

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भावा-बहिणीनं हा सॉफ्टवेअरचा उद्योग मांडला होता. खालून शिवणयंत्रांची घरघर वर यायची, वरून कीबोर्डची टकटक खाली जायची. शिंपी कधी जिन्यात भेटला की विचारायचा, "वर काय शिवता हो तुम्ही दिवसभर?" दादा म्हणायचा, "आम्हीही ठिगळंच लावतो, फक्त आमची दिसत नाहीत."

दादा बोलण्यात असा. दगडाला पाझर फोडील आणि वर दगडाकडून आभार मानून घेईल. गिऱ्हाईक आणायचं त्यानं, काम उभं करायचं धाकटीनं. वहिनी, म्हणजे दादाची बायको, फोन, कागदपत्रं आणि दादाचा विसराळूपणा असं तिन्ही सांभाळायची. चौथा चष्मेवाला. तो परीक्षक होता. कुठलीही नवी गोष्ट हाती दिली की तो ती आधी मोडून बघायचा आणि मोडली की खूश व्हायचा.

त्यांचं सगळ्यात मोठं काम एका रुग्णालयाचं होतं. तिथं तपासणी झाली, की अहवाल थेट त्या माणसाच्या फोनवर. मधे शिपाई नाही, पाकीट नाही, "बघू बघू काय आलंय" म्हणणारा शेजारी नाही. ज्याचं रक्त त्याचा अहवाल. हे वाक्य धाकटीचंच होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता. पोरीनं पहिली भाकर गोल थापावी आणि ती ताटात ठेवून सगळ्यांना दाखवत फिरावं, तसा.

आता रुग्णालय नव्या इमारतीत चाललं होतं. उद्या सकाळी उद्घाटन, आज संध्याकाळपर्यंत नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर जायला हवी होती. आणि ह्या ऑफिसात नियम असा, की एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं, आणि दोघांनी मंजुरी दिल्याशिवाय काहीही बाहेर जायचं नाही. नियम दादानंच घातलेला. यावेळी लिहिलं होतं दादानं, घाईघाईत, सकाळी. वाचत होती धाकटी.

आणि वाचता वाचता ती तिथं आली.

फोननं रुग्णालयाच्या सर्व्हरशी बोलणं सुरू करण्याआधी समोरच्याकडून सर्टिफिकेट मागायचं असतं. त्याचे दोन प्रश्न. पहिला, हे सर्टिफिकेट खऱ्या अधिकाऱ्यानं दिलेलं आहे का? दुसरा, ते कुणाच्या नावचं आहे? मला ज्याच्याशी बोलायचंय, त्याच्याच ना? दुसऱ्या प्रश्नाची तपासणी धाकटीनं स्वतः लिहिली होती, आणि तिच्या सवयीप्रमाणे वर दोन ओळींची टीपही. बाकीचे लोक टिपा रूक्ष लिहितात. धाकटीच्या टिपा गुणगुणता यायच्या.

शिक्का खरा आहे बाई, पण नाव वाच आधी
पाहुण्याच्या वेशामध्ये कोण येईल कधी

टीप जागच्या जागी होती. खालची तपासणी गेली होती. मुळासकट उपटलेली. तिच्या जागी एकच ओळ, जिचा अर्थ एवढाच, की नाव जुळतं का असं विचारलं तर हो म्हण. कुणीही असो, हो म्हण.

"दादा," तिनं खुर्ची वळवली, "हे काय करून ठेवलंस?"

"काय केलं?" दादा फोनवर उद्घाटनाच्या आमंत्रणाचा फोटो बघत होता.

"नावाची तपासणी काढलीस."

"अगं, ती होय!" तो हसला. "नव्या इमारतीत सर्व्हरचं नाव बदललं, पण सर्टिफिकेट त्यांनी जुन्याच नावाचं उचलून नेलं. आपलं अ‍ॅप म्हणायला लागलं, नाव जुळत नाही, नाव जुळत नाही. रुसलेल्या नवरीसारखं. दार उघडेचना. म्हटलं, बाई, ऊठ आणि कर हो."

"ते रुसलेलं नव्हतं. ते काम करत होतं."

"काम करत होतं म्हणजे काम अडवत होतं."

"दादा, तेच त्याचं काम आहे!"

पलीकडून वहिनीनं फोनवर हात ठेवला. "हळू. मी प्रिंटरवाल्याशी भांडते आहे. दोन भांडणं एका खोलीत मावत नाहीत."

दादानं खुर्ची जवळ ओढली, आवाज मऊ केला. हा आवाज धाकटीला लहानपणापासून माहीत होता. दादाला तिच्या वाटणीचं काही हवं असलं की हा आवाज निघायचा. "हे बघ. सर्टिफिकेट खोटं चालत नाही ना? ती तपासणी मी ठेवलीच आहे. खऱ्या अधिकाऱ्याचा शिक्का नसेल तर अ‍ॅप हाकलून देतं. मग झालं की!"

"शिक्का खरा असणं वेगळं. माझ्या स्वतःच्या साइटचं सर्टिफिकेटही खरंच आहे. म्हणून मी रुग्णालय झाले का?"

"तू जरा जास्तच—"

"तुझं ओळखपत्र खरं आहे. ते दाखवून तू कुणाच्याही घरात शिरून पलंगावर झोपशील? मी रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आहे म्हणशील?"

चष्मेवाला खुसकन हसला, आणि दादानं बघताच खोकला आल्यासारखं केलं.

"सिद्ध कर," दादा म्हणाला.

मग धाकटी उठली. तिनं कपाटातला जुना लॅपटॉप काढला, ऑफिसच्या वाय-फायला असं शिकवलं, की रुग्णालयाचा पत्ता विचारला की ह्या लॅपटॉपचा पत्ता सांग. लॅपटॉपवर तिनं आपल्या साइटचं सर्टिफिकेट ठेवलं. ती साइट म्हणजे तिच्या दोन-दोन ओळींचा पेटारा, कुणी फारसं न वाचणारा. जे येईल ते लॅपटॉपनं बघायचं आणि पुढं खऱ्या सर्व्हरकडे ढकलायचं, परतीचं उत्तरही तसंच मागं. मग तिनं आपल्या फोनवर दादाची नवी आवृत्ती उघडली, चाचणीसाठी बनवलेल्या खोट्या पेशंटच्या नावानं. फोननं विचारलं, सर्टिफिकेट खरं? खरं. कुणाचं? ते आता कुणी विचारतच नव्हतं. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर खोट्या पेशंटचा अख्खा अहवाल उलगडत गेला. साखर, रक्तदाब, वजन.

"हे बघ."

दादानं बघितलं. क्षणभर त्याच्या कपाळावर आठी आली, आणि धाकटीला वाटलं, जिंकले. पण दादा तो दादा.

"खोटा पेशंट, खोटा अहवाल, आणि चोरही घरचाच. हे नाटक झालं, धाकटे. स्वतःच सासू, स्वतःच सून. खऱ्या माणसाचं खरं काही ह्यातनं गळतं असं दाखव. दाखव, मी हे सगळं आत्ता थांबवतो. सगळ्यांसमोर शब्द देतो." त्याचा फोन वाजला. "रुग्णालयातनंच आहे. आलो," म्हणून तो आतल्या खोलीत गेला.

धाकटी धुसफुसत लॅपटॉपसमोर बसून राहिली. खरं माणूस कुठून आणायचं? आणि आणलं, तरी त्याचं चोरायचं?

रागाच्या भरात एक गोष्ट ती विसरली. लॅपटॉप अजून कान टवकारून बसला होता.

ह्या ऑफिसची आणखी एक रीत होती. आपण रांधलेलं आधी आपण चाखायचं. नवी आवृत्ती गावात जाण्याआधी सगळ्यांच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यानं घालायची. दादाचा फोन, चष्मेवाल्याचा फोन, आणि वहिनीच्या टेबलावर पालथा पडलेला वहिनीचा फोन. त्या पालथ्या फोननं आपलं आपण, कुणाला न विचारता, रुग्णालयाकडे काही नवं आहे का म्हणून बघितलं. होतं.

पडद्यावर अक्षरं सरकली. वहिनीचं नाव. वय. आणि नजर आवरेपर्यंत डोळ्यांत शिरलेली एक ओळ. छातीतली गाठ साधी आहे, धोक्याचं काही नाही.

धाकटीनं झाकण असं आपटलं, की चष्मेवाला खुर्चीत उडाला.

"काय झालं?"

"काही नाही. माशी."

तिनं परत झाकण उघडलं, न बघता बघितल्यासारखं करून ते सगळं पुसलं, लॅपटॉपचं ऐकणं तोडलं, वायर भिंतीतून उपटली. समोर वहिनी प्रिंटरवाल्याला म्हणत होती, "उद्या उद्या म्हणता, तुमचा उद्या कधी उजाडतो हो?" आणि हसत होती, आणि तिचं हसू गेले कितीतरी दिवस गळ्याच्या वर येत नव्हतं हे धाकटीला आता, आत्ताच, कळलं. मधेच वहिनीचा हात पदराखाली जायचा आणि पटकन बाहेर यायचा. मान अवघडली म्हणायची. लवकर निघते म्हणायची. दादाला काही पत्ता नव्हता. असता तर ऑफिसभर झाला असता.

वहिनीला अजून माहीत नव्हतं. फोन पालथाच होता. जिचं भय होतं ती भयातच बसलेली, आणि तिची सुटका धाकटीच्या डोळ्यांत.

जाऊन कानात सांगावं? नको. कुठल्या तोंडानं?

दादा बाहेर आला तो फोनचा आवाज मोठा करूनच. पलीकडे रुग्णालयाचा संगणकप्रमुख होता. त्याचा आवाज गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेल्या साबणासारखा.

"ताई, अहो, एवढं काय त्यात? सगळेच ती तपासणी बंद ठेवतात. नवं सर्टिफिकेट आणायचं म्हणजे मला वरच्या सह्या लागतात. उद्घाटन होऊन जाऊ दे, मग सावकाश करू."

"सावकाश म्हणजे कधी?"

"सावकाश म्हणजे सावकाश."

"म्हणजे कधीच नाही," धाकटी म्हणाली. "सर्टिफिकेटवर एक नाव वाढवायचं. अर्ध्या दिवसाचं काम. ते तुम्हाला जड, आणि हजारो लोकांचे अहवाल उघड्यावर टाकणं हलकं?"

"तुमच्या बहिणीला आवरा हो," असं म्हणून प्रमुखानं फोन ठेवला.

दादाचा चेहरा लाल झाला. "झालं समाधान? बरं, मी शब्दाला जागतो. खऱ्या माणसाचं काही मिळालं? दाखव. दाखवलंस तर आत्ता थांबतो."

खाली शिवणयंत्रं चालू होती. वहिनीनं पेन ठेवलं आणि ती मजा बघायला वळली. हनुवटी तळहातावर, नेहमीसारखी.

धाकटीच्या मुठीत दादाला गप्प करणारं सगळं होतं. नुसतं म्हणायचं, तुझ्याच बायकोला विचार. एका वाक्यात सामना संपला असता. आणि ते वाक्य उच्चारलं असतं, तर दादानं उघडं टाकलेल्या दारातून पहिली आत शिरणारी तीच ठरली असती.

"दाखवणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे मिळालं नाही."

"दाखवणार नाही, एवढंच म्हणाले."

"वा! साप बघितला म्हणायचं, आणि कुठं म्हटलं की सांगणार नाही."

"हवं तर असं म्हण. मी पुसून टाकलं. आता मलाही दाखवता येणार नाही. आणि मी मंजुरीही देणार नाही."

"कशाच्या जोरावर?"

"माझ्या 'नाही'च्या जोरावर. नियम तूच केलास. दोघांची मंजुरी. तुझं एक बोट आहे, दुसरं माझं आहे, आणि ते आज वाकणार नाही."

"ठीक आहे." दादा चष्मेवाल्याकडे वळला. "तू वाचलंस असं समज. दे मंजुरी."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. तेवढ्या वेळात त्याला बुद्धी सुचावी म्हणून जणू. "दादा, मी नुसतं वाचलं असतं तर दिली असती. पण आता ऐकलंय ना सगळं. ऐकलेलं कसं पुसू?"

"तूही?"

"मी नाही म्हणालो नाही हो. मी फक्त हो म्हणालो नाही."

"घरचे वासे फिरले!" दादानं खुर्ची पुढं ओढली. "मालक मी आहे. नियम मी केला, मीच मोडतो. एकाच्या मंजुरीवर पाठवतो." आणि तो खरंच टाईप करू लागला.

धाकटीनं त्याचा हात धरला नाही. ती त्याच्यासमोर, टेबलाच्या पलीकडे उभी राहिली आणि तिनं आपला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मोड. तुझा हक्क आहे. माझा हक्क हा आहे. मी मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावते आहे. तुझ्यासमोर. तुझ्या पाठीमागं जाऊन नाही, तुझ्या तोंडावर. तुला जे बोलायचं ते तूही बोल."

"धाकटे, हे काम गेलं तर आपण बुडलो!"

"बुडू. पोहायला तूच शिकवलंयस."

फोन लागला. मोठ्या डॉक्टरीणबाई, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख, कुठल्यातरी गर्दीतून बोलत होत्या. मागं खुर्च्या सरकवल्याचा आवाज. "बोला, लवकर. इथं फुलं कुठं ठेवायची ह्यावरून तीन माणसं माझा जीव खाताहेत."

धाकटीनं सांगितलं. घोळ न घालता सांगितलं. "आज जे नवं अ‍ॅप लोकांच्या फोनवर जाणार आहे ते समोरच्याचं नाव वाचत नाही. स्टेशनवरच्या, हॉटेलातल्या फुकटच्या वाय-फायवर कुणीही 'मीच रुग्णालय' म्हणून मधे बसू शकतो. त्याला तुमच्या पेशंटचे अहवाल दिसतील. बदलताही येतील. तुमच्या सर्टिफिकेटवर नव्या सर्व्हरचं नाव घातलं की हा प्रश्न मिटतो. तोवर जुनंच अ‍ॅप ठेवा. ते नव्या इमारतीशी बोलणार नाही, पण खोट्याशीही बोलणार नाही."

"भीती आहे, की झालंय?"

धाकटीनं वहिनीकडे बघितलं नाही. बघायचं नाही म्हणून तिनं भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघितलं. "झालंय. माझ्याच हातून, तपासताना. बघायचं नव्हतं, दिसलं. पुसलं आहे."

"कुणाचं?"

"ते तुम्हालाही सांगणार नाही. ज्याचं आहे त्याला सांगेन आणि त्याची माफी मागेन."

पलीकडे फुलांचा वाद चालूच होता. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी रोज लोकांना त्यांच्याविषयी अशा गोष्टी सांगते, ज्या त्यांनी कुणालाच सांगितलेल्या नसतात. त्या तिसऱ्याच्या कानी गेल्या तर माझ्याकडं कोण येईल? नवं पाठवू नका. उद्या अहवाल कागदावर देऊ, लोक रांगेत उभे राहतील आणि मला शिव्या देतील. देऊ देत. आमच्या संगणकप्रमुखांच्या सह्या मी बघते." आणि जरा थांबून, "तुमचे दादा तिथं आहेत का?"

"आहेत," दादा म्हणाला.

"उद्याच्या भाषणात तुमच्या अ‍ॅपचं कौतुक होतं. ते मी काढते. पुढच्या कामाचं नंतर बोलू." फोन बंद.

दादानं टाईप केलेलं एकेक अक्षर मागं खोडलं. "उद्यापासून," तो सावकाश म्हणाला, "त्या खुर्चीत तू नकोस."

"उद्या मी येणार," धाकटी म्हणाली. "त्याच खुर्चीत बसणार. उठवायचं असेल तर खुर्चीसकट उचल. वजन वाढलंय माझं."

चष्मेवाला ह्या वेळी हसला नाही. दादा आतल्या खोलीत गेला आणि दार आपटलं.

वहिनीनं पर्स उचलली, पालथा फोन उचलून पर्समध्ये टाकला. "चहाची पावडर संपलीय," ती कुणाला उद्देशून न म्हणता म्हणाली आणि जिना उतरली. धाकटी तिच्या मागोमाग गेली.

जिन्याच्या वळणावर, शिंप्याच्या दुकानातला उजेड जिथं पायऱ्यांवर पडतो तिथं, धाकटीनं तिला गाठलं. "वहिनी."

वहिनी वळली. "माझं होतं ना?"

धाकटीला वाटलं होतं, आपण सांगू. शब्द जुळवून ठेवले होते. ते सगळे सांडले. "तुला कसं कळलं?"

"तू सगळीकडे बघितलंस. फक्त माझ्याकडे नाही."

"तुझा फोन आपला आपण... लॅपटॉप मी बंद करायला विसरले. चूक माझी. तुझं नाव वाचलं. आणि एक ओळ."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. जिन्याच्या कठड्यावर तिची बोटं घट्ट झाली. आणि धाकटीला तिथल्या तिथं ते वाक्य बोलून टाकावंसं वाटलं, साधी आहे गं, काही नाही गं, आणि तिनं ते दातांखाली धरून ठेवलं. मग तिला कळलं, की आपल्या चेहऱ्यावरनं ते केव्हाच वाचलं गेलंय.

"तू घाबरलेली नाहीस," वहिनी हळू म्हणाली. "म्हणजे..."

धाकटीनं नजर पायऱ्यांवर वळवली.

वहिनीनं पर्समधून फोन काढला. ऑफिसचं वाय-फाय बंद केलं, अगदी सावकाश, अंगठ्यानं दाबून, खात्री करून. मग तो अहवाल उघडला आणि वाचला. शेवटपर्यंत. परत पहिल्यापासून. खाली यंत्र थांबलं, शिंप्यानं दोरा तोडला, यंत्र पुन्हा सुरू झालं. वहिनी पायरीवर बसली आणि तिनं तोंड पदरात घेतलं. रडली की हसली ते तिलाही सांगता आलं नसतं.

धाकटी शेजारच्या पायरीवर बसली. हात लावावा की नाही, समजेना.

"थांब, लाडात येऊ नकोस," वहिनी पदरातूनच म्हणाली. "मी चिडलेय."

"चीड."

"एवढे दिवस मी ह्या एका ओळीसाठी जीव मुठीत धरून होते. रात्री ह्याच्या शेजारी झोपून छताकडे बघत. भीती माझी होती, धाकटे. मी कुणाला दिली नाही. मग सुटकाही माझीच होती. आधी मला मिळायला हवी होती. तू ती माझ्या आधी उघडलीस."

"हो."

"चांगली बातमी होती म्हणून काय झालं?"

"काही झालं नाही. तरी ती तुझीच होती."

वहिनीनं डोळे पुसले, नाक ओढलं, पदर नीट केला. बघता बघता तिचा नेहमीचा चेहरा परत आला, जरा सुजलेला. "आणि माझ्या नवऱ्यासमोर तोंड शिवून उभी राहिलीस. एका शब्दात जिंकली असतीस."

"जिंकायचं होतंच. पण तुझ्या जिवावर नाही."

"मूर्ख आहेस."

"घराणंच तसं आहे."

ह्यावर मात्र वहिनी हसली, गळ्याच्या वरपर्यंत आलेलं. "त्याला मी सांगेन. मला वाटेल तेव्हा. आज रात्री, नाहीतर पुढच्या वर्षी. तोवर तुझं तोंड—"

"बंद."

"बंद नको करूस. आज बरं चाललंय तुझं तोंड. फक्त ह्या एका गोष्टीपुरतं."

वरून दार उघडल्याचा आवाज आला, मग दादाचा. "अगं, कुठं गेलात दोघी? संगणकप्रमुख फोनवर आहे, नवं नाव कसं घालायचं विचारतोय! धाकटे! ऐकतेस का?"

धाकटी उठायला लागली. वहिनीनं तिचा दंड धरून तिला परत पायरीवर बसवलं.

"ओरडू दे जरा," ती म्हणाली. आणि दोघींनी उत्तर दिलं नाही.